सहाव्या पानावरची कौलं

शुक्रवारी दुपारची ताटं घासून झाली होती आणि सातवीच्या वर्गात कॉमिकचं सहावं पान अडलं होतं. सोमवारी सगळी पानं छापायला जायची होती. बाकीची तयार होती. हे एकच पेन्सिलीत पडून होतं आणि आरती शाईच्या पेनाला टोपण लावून बसली होती.

मी त्या शाळेत भात शिजवते. पोषण आहाराची स्वयंपाकीण. शिक्षण चौथी. मुलं आणि मॅडम सगळे मला मावशी म्हणतात. कॉमिकशी माझा संबंध एवढाच, की मुलं ज्या आळीची गोष्ट काढत होती ती माझी आळी, आणि ती गोष्ट सांगणारी मीच.

आमची खालची आळी शाळेच्या पुढं, घोटावड्याकडं जाणाऱ्या रस्त्याला लागून होती. चौदा घरं, सगळी एकमेकांना चिकटून. रस्ता रुंद करायचं ठरलं तेव्हा मोजणीवाले आले आणि भिंतींवर लाल खुणा करून गेले. आता तिथं डांबर आहे. माणसं पांगली. कुणी शेतात पत्र्याचं शेड घातलं, कुणी कंपनीच्या बाजूला खोली घेतली. मी शाळेमागं भाड्यानं राहते. आधी आम्हीच भाडेकरू ठेवायचो.

कॉमिकचं काम कदम मॅडमनी काढलं. त्या लातूरकडच्या, नोकरीसाठी इकडं आलेल्या. त्यांनी वर्गाचे चार गट केले. एक गट माणसांना विचारून आणणार, दुसरा लिहिणार, तिसरा पेन्सिलीनं चित्र काढणार, चौथा त्यावर शाई फिरवणार. पानावरच्या एकेका चौकटीला पॅनल म्हणतात. बोलणं फुग्यात लिहायचं. शाई फिरली की बदल नाही, म्हणून ते काम हात स्थिर असलेल्यांना. आरती शाईच्या गटात होती.

विचारणाऱ्या गटाला लांब जायला नको म्हणून तो माझ्याकडं आला. मी तांदूळ निवडत सांगत गेले. मी सांगितलं ते असं. आळीनं बैठक घेऊन ठरवलं होतं, की बदली जागा कुठं देणार ते लेखी मिळेपर्यंत कुणी हलायचं नाही. पौडला तहसील कचेरीत सगळे मिळून जायचं. आणि एका सकाळी शेजारचे बबनभावजी शिडी लावून छपरावर चढले आणि स्वतःच्या घराची कौलं उतरवायला लागले. त्यांच्या आणि माझ्या घराची मधली भिंत एक, वरचं आढंही एकच. त्यांची बाजू मोकळी झाल्यावर माझी बाजू उभी राहीना. दोन दिवसांत माझंही छप्पर गेलं. मग पुढचं, मग त्याच्या पुढचं. जेसीबी आला तेव्हा त्याला नुसती दगडमाती ढकलायची उरली होती. कचेरीत सांगायला गेलो तर म्हणाले, तुम्ही तर आपणहून खाली केलंत. आळी बबननं मोडली.

हे मी चार वर्षं सांगत आले. पाणवठ्यावर, बाजारात, लग्नाच्या पंगतीत. लोकही तेच म्हणायला लागले. बबनभावजी लग्नाकार्याला यायचे बंद झाले. आरती त्यांची नात. मुलांना सांगताना ती त्या वर्गात आहे हे मला माहीत होतं. तरी सांगितलं. खरं ते खरं, असं मी म्हणत होते.

सहाव्या पानावर तेच होतं. बबनभावजी एकटे छपरावर उभे, कौलं खाली भिरकावतायत, आणि फुग्यात लिहिलंय, "माझं मी बघतो." खाली आळीतली माणसं तोंडावर हात घेऊन उभी. चित्र पूनमनं काढलं होतं. तिचे वडील बिहारकडचे, कंपनीत कामाला. पोरीचा हात चांगला आहे.

मी आरतीला म्हटलं, "काय गं, फिरव की शाई. सोमवार तुज्यासाठी थांबणार हाय का?"

ती म्हणाली, "आजोबांना दाखवलं न्हाई अजून."

"त्यांला काय दाखवायचं? मी सांगितलंय ना."

"म्हनूनच," ती म्हणाली.

मी मॅडमकडं पाहिलं. म्हटलं, "पोरगी घरच्याचं झाकतीया. दुसऱ्या कुणाला तरी द्या पान."

मॅडम मुलांच्या वह्या तपासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मावशी, भात झाला की काय करता?"

शाळेत नियम आहे. वाढायच्या आधी स्वयंपाकीण चव घेते, मग शिक्षक घेतात आणि चवीच्या वहीत सही करतात. त्यानंतर अर्धा तास थांबायचं. कुणाला काही झालं नाही, तर मुलांना वाढायचं. एवढ्या वर्षांत मी एक दिवस हे चुकवलं नाही. इतर शाळांत काय होतं मी पाहिलंय.

"चव घेते," मी म्हटलं.

"मग हे पान गावाला वाढायच्या आधी चव कुणी घेतली? हे पौडच्या प्रदर्शनात लावणार आहोत. सगळा तालुका बघणार."

"भात मी शिजवलेला असतो. मला कळतंय त्यात काय हाय."

"तरी सही माझी लागते ना?" मॅडम म्हणाल्या. "उद्या सकाळची शाळा आहे. सुटली की जाऊ. तुम्ही पण चला."

मला जायचं नव्हतं. चार वर्षं मी त्या माणसाशी बोलले नव्हते. पण मी गेले नसते तर पोरं म्हणाली असती, मावशी घाबरली.

बबनभावजींचं शेड वरच्या शेताच्या बांधाला आहे. छप्पर पत्र्याचं, पण पुढच्या पडवीवर जुनी कौलं. ती मी लगेच ओळखली. ते खाटेवर बसून दोरी वळत होते. मॅडमना "या" म्हणाले. मला काही म्हणाले नाहीत. आरतीनं पान त्यांच्या हातात दिलं.

त्यांनी चष्मा लावला आणि बराच वेळ पाहिलं. त्यांना वाचायला वेळ लागतो. वाचून झालं तरी पाहत राहिले. आता हा माणूस पान फाडणार, असं मला वाटलं.

"हे कुनी काडलं?" त्यांनी विचारलं.

पूनम पुढं झाली.

"चांगलं काडलंय. पन तुज्या घराला कौलं न्हाईत."

"पत्रा आहे," पूनम म्हणाली.

"तरीच. कौल असं फेकलं तर फुटतं पोरी. फोडायचीच आसती तर वर कशाला चढलो आसतो? ती नीट ऱ्हावी म्हनून तर उतरवली. येनारं ते येनारच हुतं. त्या यंत्राखाली घालू का कौलं?"

मॅडम म्हणाल्या, "बाबा, आळीनं ठरवलं होतं ना, कुणी हलायचं नाही म्हणून?"

"ठरवलं हुतं. मोडलं म्या. ते खरं हाय, ते पुसू नका." त्यांनी आरतीकडं पाहिलं. "तू बी पुसू नगंस. पन हितं चूक हाय. वर चढल्याला मानूस एकटा कौलं उतरवीत न्हाई. एक वर लागतो, एक खाली घ्यायला लागतो. ह्या चित्रात खाली कुनीच न्हाई."

विचारणाऱ्या गटातल्या पोरीनं वही काढली. "खाली कोण होतं, आजोबा?"

ते मॅडमशी बोलत होते तसंच, माझ्याकडं न पाहता म्हणाले, "वयनींनी सांगितलं न्हाई व्हय?"

सगळी पोरं माझ्याकडं बघायला लागली.

मी म्हटलं, "मी होते."

आमच्याकडं रीत अशी, की शेजारचं छप्पर उघडलं की हात लावायला जायचं. पावसाच्या आधी घर शाकारायचं असो की मोडायचं असो, बोलावणं येत नाही, जायचं असतं. त्या सकाळी शिडीचा आवाज आला तशी मी पदर खोचून खाली जाऊन उभी राहिले. ते वरून देत होते, मी घेत होते आणि भिंतीला लावत होते. दुपारपर्यंत. मी त्यांना थांब म्हटलं नाही. बैठकीचं नाव काढलं नाही. काम चालू असताना मनात एकच होतं, की उद्या माझीही अशीच नीट उतरवून घ्यावीत. दुसऱ्या दिवशी माझ्या छपरावर तेच चढले होते आणि खाली पुन्हा मी होते.

हे सांगायचं राहून गेलं असं मी म्हणणार नाही. मी ते टाळलं.

मॅडमनी तिथंच विचारलं, "मावशी, पान बदलायचं का? तुम्ही म्हणाल तसं."

"माझं काय म्हननं? जसं झालं तसं काढा."

सहावं पान पूनमनं रविवारी मॅडमच्या खोलीवर बसून नव्यानं काढलं. मला बोलावून घेतलं होतं. कौल कसं धरतात ते मी दाखवलं. वरचा माणूस वाकून देतो, खालच्या बाईचे दोन्ही हात वर, तळवे उघडे. तिनं माझं नाक जरा लांब काढलं.

"दोघांच्या फुग्यात काय लिहायचं?" तिनं विचारलं.

"फुगा नको. कुनी काय बोललं नव्हतं."

मग आरतीनं शाई फिरवली. आधी आजोबांवर, मग माझ्यावर. हात हलला नाही.

पौडला पानं एका सभागृहात दोरीला चिमटे लावून टांगली. आळीतली बरीच माणसं आली. आपापलं घर कुठं काढलंय ते आधी शोधत होती. सहाव्या पानाशी आली की थांबत होती. यमुना, माझ्या पलीकडच्या घरातली, पान पाहून माझ्यापाशी आली.

"तू बी व्हय?"

"व्हय," मी म्हटलं.

"आनि एवडी वर्सं त्येच्या नावानं बोंब मारीत हुतीस."

ती निघून गेली. तिनं नंतर माझ्याशी बोलणं टाकलं, ते अजून तसंच आहे. बबनभावजी आले, सगळी पानं पाहिली आणि एसटीनं परत गेले. त्यांना कुणी चहा विचारला नाही, पण कुणी तोंडही फिरवलं नाही. मी त्यांना "बरं हाय का" विचारलं. ते "हाय" म्हणाले. आमचं बोलणं तेवढंच आहे.

बदली जागा अजून कुणालाच मिळालेली नाही. कॉमिकनं ती मिळणारही नव्हती. एवढंच झालं, की आळी कुणी मोडली असं कुणी विचारलं तर आता लोक दोन नावं घेतात. बरोबर आहे.

दुसऱ्याची गोष्ट सांगायला बसलं, की त्या वेळी आपण कुठं उभे होतो ते आधी सांगावं. मग पुढचं किती खरं मानायचं ते ऐकणारा ठरवेल.