चौथ्या टेबलावरचं क्लोराइड

"ग्लासवेअर उसको दे दे ना यार. इन लोगों को आदत होती है."

गार्गी हे तुषारला म्हणाली. हळूच, पण मी मागेच सिंकपाशी उभी होते. तुषार हसला आणि सहा टेस्ट ट्यूब्ज माझ्याकडे सरकवल्या. मी त्या घेतल्या. अजून टोचतं ते हेच. मी घेतल्या.

दिल्लीतलं कॉलेज, केमिस्ट्री ऑनर्सचं दुसरं वर्ष, लॅबमधलं चौथं टेबल. आम्ही तिघं एका ग्रुपमध्ये. माझ्या आडनावावरून वर्गात कुणाला काही कळत नव्हतं. दिल्लीकरांना सगळी मराठी आडनावं सारखीच. फक्त गार्गीला ते वाचता येत होतं. ती पुण्याची, वडील गुडगावला मोठ्या कंपनीत. कॉलेजच्या पहिल्याच आठवड्यात तिने विचारलं होतं, "तुम्ही मूळचे कुठले गं? आडनाव काय?" मी सांगितलं. "अच्छा," म्हणाली. तेवढंच. त्यानंतर ती माझ्याशी मराठी बोलली नाही. महिन्याभरात तुषारलाही माझी जात कळलेली होती.

आडनावाचा विषय निघाला की दुसरं काहीतरी बोलायचं, हे आईने शिकवलेलं. इंग्लिश मीडियमच्या शाळेत बारा वर्षं मी तेच केलं. चांगले मार्क, कमी बोलणं.

त्या दिवशी सॅम्पलमधलं हॅलाइड ओळखायचं होतं. सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकायचे. पांढरा साका म्हणजे क्लोराइड, फिकट पिवळसर म्हणजे ब्रोमाइड, पिवळा म्हणजे आयोडाइड. मग अमोनिया. पांढरा विरघळतो, फिकट पिवळा जेमतेम, पिवळा अजिबात नाही. हॅलोजनचा हा गट मला आवडतो. वर फ्लोरिन, सगळ्यांत हावरं. खाली जावं तसा अणू मोठा होतो, इलेक्ट्रॉनवरची पकड सैल होते. क्लोरिन ब्रोमिनला त्याच्या क्षारातून हुसकतं, ब्रोमिन आयोडिनला. त्या क्रमाला कारण आहे, ते मोजता येतं. आमच्या टेबलावरच्या क्रमाचं कारण कुणी विचारत नव्हतं. ड्रॉपर गार्गीकडे, जर्नल तुषारकडे, सिंक माझ्याकडे.

सिल्व्हर नायट्रेट बोटांना लागलं की काळे डाग पडतात, कितीतरी दिवस जात नाहीत. वर्गात बहुतेकांची बोटं काळी. माझी स्वच्छ. मला त्या स्वच्छ बोटांची लाज वाटायची.

मी ट्यूब्ज नळाखाली धुतल्या, मग डिस्टिल्ड पाण्याच्या वॉश बॉटलमधून खंगाळल्या. त्याच पाण्यात गार्गीने सॅम्पल विरघळवलं, थेंब टाकले. पांढुरकं गढूळ. अमोनियात विरघळलं. तुषारने लिहिलं, क्लोराइड.

मॅडमनी जर्नल बघून नकारार्थी मान हलवली. आमच्या सॅम्पलमध्ये हॅलाइड नव्हतंच. एका टेबलाला मुद्दाम तसं देतात. नळाच्या पाण्यात क्लोराइड असतं, ट्यूब नीट खंगाळली नाही तर तेच दिसतं.

"टेस्ट ट्यूब किसने धोई?"

गार्गीने हनुवटीने मला दाखवलं. "मॅम, वो तो इसका डिपार्टमेंट है."

शेजारच्या टेबलावरही हसले.

"धोना भी ढंग से नहीं आता?" म्हणत मॅडमनी रजिस्टरमध्ये शून्य लिहिलं. फक्त माझ्या नावापुढे. हे मार्क फायनलला धरतात.

मी मान खाली घातली. टेबलावर वॉश बॉटल दिसली, काठोकाठ भरलेली. सकाळी ती रिकामी होती. डिस्टिल्ड पाण्याचा कॅनही संपलेला होता. गार्गी बाटली घेऊन कॉरिडॉरमध्ये गेली होती, आणि तिथे फक्त पिण्याच्या पाण्याचा कूलर आहे. भरलेली दिसली म्हणून मी वापरली. कुठून भरली, विचारलं नव्हतं. मी काहीच विचारायचे नाही.

गार्गीच्या हातातून मी ड्रॉपर घेतला. मागितला नाही, घेतला. मॅडमच्या टेबलावरची नवी ट्यूब उचलली, तिच्यात बाटलीतलं पाणी ओतलं, दोन थेंब टाकले. तिसरा थेंब माझ्या बोटावर पडला. ट्यूबमधलं पाणी पांढुरकं झालं.

"ये पानी कहाँ से भरा?" मॅडमनी गार्गीला विचारलं.

"कूलर से, मॅम. आरओ का है, साफ ही होता है."

प्यायला साफ. क्लोराइड त्यात उरतंच, हे पहिल्या वर्षाला शिकवतात.

मॅडमनी शून्य खोडलं. "ठीक है, हो जाता है. चलो, अपनी जगह."

चूक माझी होती तोवर मला धुता येत नव्हतं. तिची निघाली, तर होऊन जातं. मी जागची हलले नाही.

"और कुछ?"

"मॅम, इसने मेरी जात पे बोला है. मुझे शिकायत लिखनी है."

कुणी हसलं नाही. गार्गी माझ्या जवळ आली. वर्षभरानंतर तिला मराठी आठवलं. "अगं, गंमत केली मी. आपण दोघी मराठी ना? असं काय करतेस?"

माझा आवाज मला अनोळखी वाटला. पण तो शेवटच्या टेबलापर्यंत पोचत होता.

"तू जे म्हणालीस ते एक शब्द न बदलता लिहिणार आहे. आणि खाली माझं पूर्ण नाव, आडनाव, जात, सगळं मीच लिहीन. तुला आता कुणाला सांगत फिरावं लागणार नाही."