कंबर आधी की हात?

करुणा साळवे पडेगावच्या. छावणीजवळच्या एका शाळेत त्या खेळाच्या शिक्षिका आहेत. एके काळी विद्यापीठाच्या सॉफ्टबॉल संघात चौथ्या नंबरवर बॅटिंगला यायच्या. त्या जागी जिच्या फटक्यात जोर असतो तिलाच पाठवतात. मुलींना त्या मोजकंच सांगत. वजन पुढच्या पायावर आण, हात सरळ चेंडूकडं ने, बॅट वरून खाली मार. त्यांच्या सरांनी त्यांना हेच शिकवलं होतं, त्यावरच त्या खेळल्या होत्या. त्यात काही चूक असेल असं त्यांच्या मनात कधी आलंच नाही.

त्यांच्या संघात नववीतली विशाखा खरात होती. पोरगी अंगानं किरकोळ, पण चेंडू बॅटच्या मधोमध घ्यायची. तिची आई द्वारकाबाई एका वसतिगृहात स्वयंपाक करते. तिनं आधीच बजावलं होतं, "मॅडम, यंदा राज्याच्या संघात नाव आलं तर ठीक. नायतर बॅट ठेवायची आन् दहावीचं बघायचं."

निवड चाचणीआधी जिल्ह्याचं शिबिर लागलं. तिथले प्रशिक्षक सुदर्शन वाकळे तिशीच्या आतले, बाहेरगावी कोर्स करून आलेले. मोबाईल स्टँडवर लावून ते प्रत्येक मुलीचा फटका टिपायचे आणि हळू करून दाखवायचे. त्यांचं म्हणणं करुणा मॅडमच्या नेमकं उलटं होतं. पुढं जायचं नाही, मागच्या पायावर थांबायचं. आधी कंबर वळवायची, हात तिच्या मागून येतील. आणि चेंडू वरून खाली येतो, तर बॅट त्याच्या वाटेत किंचित वर चढली पाहिजे.

शिबिरातून परत आलेल्या विशाखाला शाळेच्या मैदानावर एकही चेंडू लागेना. साधा, हळू टाकलेला चेंडूसुद्धा बॅटखालून निघून जायचा. चाचणी परवावर आली होती.

"विशाखा, काय करायलीस?" करुणा मॅडमचा आवाज चढला.

विशाखानं हेल्मेट काढलं. "सर म्हणतेत मागं राहा. तुम्ही म्हणता पुढं ये. चेंडू येतो आन् मला कळतच नाय कुणाचं ऐकू. मला नाय खेळायचं, मॅडम."

मॅडमनी तिला स्कूटीवर मागं बसवलं आणि थेट शिबिराचं मैदान गाठलं. सुदर्शन सर जाळी आवरत होते.

"सर, चांगली मारणारी पोरगी होती माझी. काय करून ठेवलं तिचं?"

"मॅडम, ती सुमार चेंडू टाकणाऱ्या पिचरसमोर चांगली मारायची. तुमच्या पद्धतीनं चेंडू जमिनीलगतच जातो. राज्याच्या सामन्यात तसा चेंडू कोणीही अडवतं."

"मी त्याच पद्धतीनं खेळले. आन् माझा चेंडू कुठं पडायचा ते विचारा कुणालाही!"

"विचारायचं कशाला? दाखवा ना."

मॅडमनी पर्समधून मोबाईल काढला. विद्यापीठाच्या एका सामन्याचं चित्रण त्यांच्या भावानं तेव्हा केलं होतं. मोबाईल बदलले तरी ते त्यांनी जपलं होतं. एका बाजूला मॅडम, दुसऱ्या बाजूला सर, मधे विशाखा. सरांनी चित्र अगदी हळू पुढं सरकवलं.

पडद्यावरच्या तरुण करुणानं पुढं पाऊल टाकलं. पाऊल टेकलं तशी कंबर वळली, हात अजून मागंच होते. मग हात आले, आणि चेंडूला लागताना बॅट खाली नव्हे, वर चढत होती.

मॅडमनी चित्र पुन्हा मागं नेलं. पुन्हा तेच. त्यांचा चेहरा उतरला. इतकी वर्षं तोंडानं एक सांगत आल्या होत्या आणि अंग भलतंच करत होतं.

सर मात्र जिंकल्यासारखे हसले नाहीत. ते पडद्याजवळ वाकले होते. "पण मॅडम, तुम्ही आधी पुढं आलात. मग वळलात. मी पोरींना पुढं येऊच देत नव्हतो." त्यांनी स्वतःच्या मोबाईलवर विशाखाचा फटका लावला. मागच्या पायावर खिळलेली पोरगी कंबर, खांदे, हात सगळं एकदम फिरवत होती, आणि तिची मान चेंडूपासून दूर फिरली होती.

मॅडमनी मोबाईल पर्समध्ये ठेवला आणि विचारलं, "आता हिला काय सांगायचं?"

"दोन दिवसांत? काहीच नाय," सर म्हणाले. "मी चेंडू टाकतो. विशाखा, पाय, कंबर सगळं विसर, तू फक्त ओरडून सांग, आत आला का बाहेर. वाटलं तर मार."

अंधारून येईपर्यंत ते चाललं. आधी नुसत्याच आरोळ्या. मग अधूनमधून बॅटचा टणत्कार.

चाचणीला समोरची पिचर जोराची होती. पहिल्या पाळीत विशाखाचे तीन चेंडू हुकले आणि ती तीन स्ट्राइकवर बाद झाली. निवड समितीतले एक गृहस्थ खाली मान घालून काहीतरी लिहू लागले. विशाखा परतताना मॅडमकडं बघत राहिली. 'पुढं ये' मॅडमच्या जिभेवर आलं होतं. शेजारी सरांनी दोन्ही हात काखेत दाबून धरले होते. दोघंही गप्प राहिले. ते गप्प राहणं दोघांनाही फार जड गेलं.

दुसऱ्या पाळीत पुन्हा दोन स्ट्राइक. मग एक फाउल, बॅटची कड घेऊन मागं जाळीवर. पुढचा चेंडू आत आला. विशाखाचे ओठ हलले, पाऊल पडलं, आणि चेंडू दुसऱ्या बेसवरच्या मुलीच्या डोक्यावरून सपाट निघाला तो थेट कुंपणापर्यंत घरंगळत गेला. सर ओरडले. मॅडम खाली गवतावर बसल्या.

निकालात विशाखाचं नाव राखीव खेळाडूंत आलं. मॅडम तिला घरी सोडायला गेल्या तर द्वारकाबाई दारातच होती.

"राखीव म्हंजी नाव आलं का नाय आलं?"

"आलं, ताई. संघाबरोबर जाती ती."

द्वारकाबाईनं लेकीकडं निरखून पाहिलं. "मंग जाऊ द्या. पुस्तकं तेवढी संगं द्या."

आता शनिवारी सुदर्शन सर शाळेच्या मैदानावर येतात. भांडण मिटलेलं नाही. पाऊल किती टाकायचं यावर दोघांची जुंपते, मुली पाणी पीत ऐकत बसतात. फक्त चाचणी तोंडावर आली की त्या आठवड्यात दोघंही तोंड बंद ठेवतात, असं त्यांचं ठरलं आहे.