मागच्या गाडीचा ब्रेक

मुलाचा फोन आला तेव्हा मी चेन्नईत वेस्ट मांबलमच्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत कढीपत्त्याच्या कुंडीतली माती उकरत बसलो होतो. निवृत्तीनंतर माणूस काय काय उकरतो ते विचारू नका. मुलगा अमेरिकेत असतो. दर रविवारी आमच्या सकाळच्या कॉफीच्या वेळी, म्हणजे त्याच्या शनिवारच्या संध्याकाळी, तो व्हिडिओ कॉल करतो आणि बोलतो आईशी. माझ्या वाट्याला "अप्पा, बीपी कसं आहे?" एवढंच येतं. त्या दिवशी मात्र तो म्हणाला, "अप्पांना दे. अप्पांच्या लाइनचं काम आहे."

काम असं होतं. त्यानं मोटरहोम घेतलं होतं. म्हणजे बसएवढं फिरतं घर. आत पलंग, चूल, संडास, सगळं. ते एका जागी उभं केल्यावर गावात हिंडायला छोटी गाडी हवी, म्हणून तिकडचे लोक आपली गाडी त्या घराच्या मागं बांधून ओढत नेतात. चारही चाकं रस्त्यावर, आत माणूस नाही. आता या मागच्या गाडीला स्वतःचा ब्रेक लागावा म्हणून वेगळं यंत्र बसवावं लागतं. बाजारात ती बरीच आहेत. "कुठलं घेऊ, अप्पा?"

बायकोला हे सांगितलं तर ती म्हणाली, "घर ओढत न्यायचं, आणि घरामागं गाडी? मग गाडीमागं काय, सायकल?"

मुलगा फोनवरून म्हणाला, "हो. सायकली गाडीच्या मागच्या रॅकवर आहेत."

मी जन्मभर रेल्वेच्या कारखान्यात डब्यांच्या ब्रेकचं काम केलं. त्यासाठीच मिरजेकडून या गावात आलो आणि इथलाच झालो. बायको तंजावरच्या जुन्या मराठी घरातली. तिची मराठी माझ्यापेक्षा जुनी आणि तिची तमिळ माझ्यापेक्षा चांगली, त्यामुळे भांडणात मी दोन्हीकडून हरतो. मुलगा कॉम्प्युटर शिकला. दहावीत असताना तो मला म्हणाला होता, "ब्रेक लागला की गाडी थांबते अप्पा, यात रोज रोज बोलण्यासारखं काय आहे?" मी त्यानंतर घरात ब्रेकविषयी बोललो नाही. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती आणि तेवढ्या काळात मला कुणी काहीही विचारलं नव्हतं, अगदी कुकरच्या शिट्टीविषयीसुद्धा. तेव्हा 'कुठलं घेऊ' हे ऐकून मला किती आनंद झाला असेल ते समजून घ्या. आपल्या विद्येचा आपल्या घरात कुणाला उपयोग आहे की नाही, हे मला एकदाचं आणि स्वच्छ जाणून घ्यायचं होतं.

मी कामाला लागलो. मुलानं पाठवलेली माहितीपत्रकं मांबलम स्टेशनजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात छापून घेतली. गठ्ठा बघून दुकानदारानं विचारलं, "फॉरिन पोरिंगळा, सार?" परदेशी चाललात का? मी म्हटलं, मी नाही, माझा सल्ला चाललाय.

मुळात या ब्रेकची गरज काय, हे मला समजावून घ्यायला वेळ लागला नाही. आगगाडीत नुसतं इंजिन थांबवून भागत नाही. प्रत्येक डब्यानं स्वतःला आवरायचं असतं, नाहीतर मागचे पुढच्यांना ढकलत राहतात. उतारावर तर बघायलाच नको. घर आणि गाडी म्हणजे दोन डब्यांची आगगाडीच. आणि या आगगाडीत माझी सून आणि सात वर्षांची नात बसणार होती. सुट्टीत डोंगरातून जायचा बेत होता.

यंत्रं पाहिली तेव्हा खरी गंमत कळली. एक प्रकार म्हणजे नुसती पेटी. ती ड्रायव्हरच्या सीटपुढं, पाय ठेवतो तिथं ठेवायची. तिला एक लोखंडी हात असतो, तो ब्रेकच्या पेडलला अडकवायचा. पुढचं घर थांबायला लागलं की पेटीला ते जाणवतं आणि तो हात पेडल दाबतो. रिकाम्या गाडीत बसवलेला बिनपगारी ड्रायव्हर! मला हसूच आलं. दुसरा प्रकार कायमचा बसवायचा. मोटरहोमच्या ब्रेकमधल्या हवेचा दाब नळीनं मागच्या गाडीत आणायचा, तिथं एक लहानसा सिलिंडर तो पेडल ओढणार. पुढं जेवढा दाब, तेवढा मागं. आमच्या नव्या डब्यांचे ब्रेकही हवेवरच चालतात, त्यामुळे हे वाचलं आणि मला कुणीतरी गावाकडचं भेटल्यासारखं वाटलं.

पण एक प्रश्न डोक्यातून जाईना. मागून येणाऱ्या गाडीचं इंजिन बंद असतं. आपल्या गाड्यांचा ब्रेक पायाला हलका लागतो तो इंजिनानं तयार केलेल्या निर्वाताच्या जोरावर. ते बंद असताना काय होत असेल? आमच्या जुन्या आगगाड्यांत निर्वात गेला की ब्रेक आपोआप लागायचा. त्याच हिशेबानं मी दोन दिवस धरून चाललो होतो की मोटारीतही तसंच असणार. तिसऱ्या दिवशी बायकोला खाली पार्किंगमध्ये नेलं, आमच्या गाडीत बसवलं आणि चावी काढून घेतली.

"दाब पेडल."

"दाबलं."

"परत."

"दाबलं की! काय सारखं दाब दाब. एकदा... अय्यो! अहो, हा तर दगड झाला."

मी तिला उठवून स्वतः बसलो. खरंच दगड. पहिल्या दोन वेळा साठलेल्या निर्वातावर पेडल मऊ जातं, मग संपलं. पुढं सगळा जोर पायाचा. म्हणजे आमच्याकडे निर्वात गेला की ब्रेक लागायचा आणि इथं निर्वात गेला की ब्रेक लावणं अवघड. अगदी उलटं. त्रेसष्टाव्या वर्षी आपलं चुकलं हे कळण्यात इतकी मजा असेल असं मला वाटलं नव्हतं. मी इंजिन चालू करून, बंद करून, पाच-सहा वेळा तेच करून पाहिलं. तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी पायऱ्या उतरून आले. "एन्न सार, वंडि स्टार्ट आगलया?" गाडी सुरू होत नाही का? मी माझ्या तमिळमध्ये त्यांना सगळी हकीकत सांगितली. ते बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनाही वेळच वेळ. तेही आत बसले आणि तिसऱ्यांदा पेडल दगड झाल्यावर लहान मुलासारखे हसले.

माझं मत पक्कं झालं. पेटीला फार जोर लावावा लागणार. शिवाय ती जरा चुकीची बसली तर पेडलवर थोडा दाब सतत राहणार, ब्रेक चाकाला चिकटून तापणार. हवेचंच घ्यायचं. मी मुलाला अकरा मिनिटांचा निरोप बोलून पाठवला. मग एक पुरवणी. मग पुरवणीची दुरुस्ती. त्याच्याकडून दर वेळी अंगठा यायचा आणि "सुपर, अप्पा." हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या पाठी, तसा मी आणखी वाचायला बसायचो. बायको एकदा म्हणाली, "इतकं कशास वाचता? तो बघून घेईल की." मी म्हटलं, त्यानं मला विचारलंय. ती गप्प झाली. ती सहसा गप्प होत नाही, हे तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

निघायच्या आदल्या दिवशी त्यांचा फोन आला. त्यांच्याकडे अजून ऊन होतं. सून फोन हातात धरून सगळं फिरून दाखवत होती. ती चेन्नईचीच, आमच्याशी तमिळमध्ये बोलते, सरळ मनाची मुलगी आहे. घर दाखवलं, मागं बांधलेली गाडी दाखवली, गाडीचं दार उघडून आतही दाखवलं. ड्रायव्हरच्या सीटपुढं एक काळी पेटी होती.

"ही कशाला?" मी म्हटलं. "आपलं हवेचं ठरलं होतं ना?"

"या गाडीला हवेचं चालतच नाही, अप्पा," ती म्हणाली. "हे पेट्रोलवरचं मोटरहोम, याचे ब्रेक तेलाच्या दाबावर चालतात. ही पेटी तर आम्ही मोटरहोम घेतलं त्याच दिवशी आणली." आणि मग तिनं जीभ चावली.

एवढी मोठी गाडी म्हणजे ब्रेक हवेचाच असणार, हे मी गृहीत धरलं होतं. तो माझा मूर्खपणा. पण तीन आठवड्यांत मुलानं मला ते सांगितलंही नव्हतं. मी बायकोकडे पाहिलं. ती कोरडाच असलेला कॉफीचा डबरा पदरानं पुसत होती.

"तू सांगितलंस त्याला?"

"हो, मीच. अप्पास काहीतरी विचार म्हटलं. दिवसभर त्या झाडाशी भांडत बसतात म्हटलं."

मला राग आला. फार राग आला. रडक्या पोराला खेळायला किल्ल्यांचा जुडगा द्यावा तसा यांनी मला तो प्रश्न दिला होता, आणि मी तो सोसायटीभर खुळखुळवत फिरलो होतो. मी फोन बंद करायला बोट पुढं नेलं. तिकडं सुनेनं ओशाळून फोन खाली केला होता, त्यामुळे पडद्यावर घर आणि गाडी यांच्यामधला जोड दिसत होता. आणि त्या जोडावर मला ती बारीक वायर दिसली.

ही वायर कशासाठी असते ते सांगतो. जोड तुटून गाडी सुटलीच, तर वायर ताणली जाते, गाडीतली एक पिन ओढली जाते आणि पेटी आपणहून ब्रेक दाबून धरते. मात्र वायरचं पुढचं टोक मोटरहोमच्याच अंगाला अडकवलेलं पाहिजे. इथं ते ओढायच्या दांड्याला अडकवलं होतं. दांडा मोटरहोममध्ये एका खिळीवर बसतो. ती खिळी निघाली तर दांडा गाडीबरोबर जाणार, दांड्याबरोबर वायर जाणार, आणि पिन जागची हलणार नाही. उतारावर रिकामी गाडी सुटेल आणि तिचा ब्रेक झोपलेला असेल.

खरं सांगतो, क्षणभर वाटलं, बोलू नये. ज्यांना सगळं कळतं त्यांनी बघून घ्यावं. त्या क्षणाची मला अजून लाज वाटते.

"फोन हलवू नकोस," मी सुनेला म्हणालो. माझा कारखान्यातला आवाज निघाला. "त्याला बोलाव."

मुलगा आला. "सॉरी, अप्पा, मी..."

"ते राहू दे. ती वायर कशाला अडकवलीस?"

"बारला. ठीक आहे ना?"

"खिळी निघाली तर बार कुणाबरोबर जाईल?"

त्यानं जोडाकडे पाहिलं, मग मागच्या गाडीकडे. तो मनातल्या मनात गाडी सोडून बघत होता.

"गाडीबरोबर," तो म्हणाला.

"आणि वायर?"

"वायरपण." तो वायर सोडवायला वाकला. "अप्पा, आम्ही उद्या सकाळी निघणार होतो."

सुनेनं मागं वळून नातीला हाक मारली आणि उगाचच जवळ घेतलं. मुलगा जमिनीवर उताणा झोपून मोटरहोमखाली सरकला. मोटरहोमच्या खालच्या सांगाड्याला एक कडी होती, तिथं त्यानं वायर अडकवली. वळणावर ताणली जाणार नाही एवढी ढिली ठेवायला मी सांगितलं. मग पिन हातानं ओढून बघायला लावली. सून फोन घेऊन गाडीपाशी गेली. आतून खट्ट आवाज आला, पेटीच्या हातानं पेडल खाली नेलं आणि मागचे लाल दिवे लागले. त्यानं पिन परत बसवली. बायकोनं हात जोडले, डोळे पुसले आणि "इडलीचं भांडं चढलंय," म्हणत आत निघून गेली.

अपमान काही गेला नव्हता. तो होता तिथंच होता. आता सांभाळून जा म्हणावं आणि फोन ठेवावा, असं मी ठरवत होतो. मुलगा अजून मोटरहोमखालीच होता. गालाला काळं लागलेलं. तो फोनकडे बघत नव्हता, वर त्या लोखंडाकडे बघत होता, नट-बोल्टांवरून बोट फिरवत.

"अप्पा, ठेवू नका," तो म्हणाला. "आणखी कुठं कुठं बघू?"

हे विचार म्हणून त्याला कुणी सांगितलं नव्हतं. बायको केव्हाच स्वयंपाकघरात गेली होती.