आसरा हाय तितं

हात कानाला लागेल का, एवढंच मी सर्जनना विचारलं होतं.

"कानाला कशाला लावायचाय?"

"पोहताना लागतो."

"कान धरायचाच असेल तर डावा आहे की," ते म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे वळले.

उजवा खांदा पुन्हा निखळला होता, तोही कारखान्याच्या वसाहतीतल्या पोहण्याच्या तलावात, सराव करताना. सैल झालेला सांधा त्यांनी पुढून आवळून शिवला. आता तो निखळणार नव्हता, पण वर किती जाईल ते कोणी सांगेना. आमच्या पट्ट्यातल्या कारखान्यांच्या क्रीडास्पर्धा हिवाळ्यात होत. त्यांत कामगारांच्या घरच्या, चाळिशीपुढच्या बायकांची पोहण्याची एक शर्यत असे. उतरणाऱ्या मोजक्याच. लोक बघायला येत ते हसायला. मी जिंकायला येत असे. कोकणात खाडीकाठी वाढले, पोहणं लग्नाआधीपासून माझं होतं आणि लग्नानंतरही माझंच राहिलं होतं. ते मला परत हवं होतं. दंड कानाला घासून पुढे गेला नाही तर ते पोहणं नव्हे, नुसतं तरंगणं.

हात पोटाशी बांधलेले आठवडे संपले आणि भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम सुरू झाला. स्वयंपाकघरात उभं राहायचं आणि बोटं मुंगीसारखी वर न्यायची. डब्यांच्या फळीपाशी ती थांबत. रोज तिथेच. त्याच्या वर हात शेजारणीचा असल्यासारखा, माझं ऐकायचाच नाही.

"फळीच खाली घेतो," नवरा म्हणाला. "प्रश्न सुटला."

पाण्यात हात हलका होतो हे मला माहीत होतं. पण तलावावर दुपारी बायकांची वेळ असे, आणि लंगड्या बदकासारखी मी कोणाच्या नजरेस पडणार नव्हते. दूध घालायला येणाऱ्या मावशी काळेवाडीच्या पलीकडच्या, जुन्या गावातल्या. त्यांना विचारलं.

"मावशी, तुमच्याकडे विहीर आहे का एखादी? वर्दळ नको."

"हाय की आमच्या रानात. पायऱ्यांची हीर. पर तिकडं कुनी फिरकत न्हाई. आसरा हाय तितं."

म्हणजे आडोसा आहे, छप्पर आहे, असं मी समजले. कपडे बदलायची सोय झाली.

"मग मला तीच पाहिजे."

दुधाचं माप त्यांच्या हातात तसंच राहिलं. "भ्या न्हाई वाटत?"

"कशाचं? उलट बरंच आहे."

"कोकनातल्या बाया," त्या स्वतःशीच म्हणाल्या, आणि त्या दिवशी वरचं दूध न मागता घातलं.

दुसऱ्या दिवशी जेवण उरकून गेले. ज्वारीच्या रानात मधोमध विहीर, चौकोनी, काळ्या दगडाची. छप्पर कुठेच नव्हतं. पायऱ्या उतरताना मात्र एक कोनाडा लागला. त्यात शेंदूर फासलेले सात दगड ओळीने, पुढे हिरव्या बांगड्या आणि एक लाकडी फणी. घाटावरचे लोक देव कुठेही मांडतात. आडोसा नाही तर निदान कोनाडा तरी, असं म्हणून मी दगड जरा बाजूला सरकवले आणि टॉवेलला जागा केली.

कारखान्यातल्या मोठ्या प्रेसचे ठोके आमच्याकडे दिवसभर जमिनीतून पायांना जाणवत. इतक्या वर्षांत ते ऐकू येईनासे झाले होते. शेवटच्या पायरीवर ते थांबले, तेव्हा प्रथम लक्षात आलं की आतापर्यंत ते होते.

पाणी हिरवं, जड. पाठीवर पडून मी उजवा हात सैल सोडला. कोपराखाली गारवा लागला, तळहाताएवढा. विहिरीला झरे असतात, झऱ्याचं पाणी गारच असतं. त्या गारव्यावर हात आपोआप वर जाऊ लागला. खांद्याच्या रेषेत आला, पुढे गेला. दुखलं नाही.

बाहेर आले तर टॉवेल पायरीवर पडलेला आणि दगड पुन्हा एका ओळीत. टॉवेल वाऱ्याने पडला असेल. दगडांचा मी विचार केला नाही.

मग रोजच जाऊ लागले. एक गोष्ट मला पटत नव्हती. झरा एका जागी असतो. हा गारवा मी विहिरीच्या कुठल्याही कोपऱ्यात गेले तरी उजव्या कोपराखालीच येई. एका दुपारी दंड कानाला लागला. मी घाईने घरी आले आणि भिंतीला बोटं लावली. ती फळीपाशी थांबली.

"हीर कशी हाय, वैनी?" मावशींनी विचारलं.

"पाणी चांगलं आहे. पण तुमचा आसरा कुठे दिसला नाही. छप्परच नाही तिथे."

"छप्पर?" त्यांनी किटली खाली ठेवली. "वैनी, आसरा म्हंजी साती जनी. पान्यातल्या. तुमच्याकडं न्हाईत?"

आमच्याकडे पाण्यात गिऱ्हा असतो, माणसं बुडवणारं भूत. त्याला कोणी आसरा म्हणत नाही.

"मला वाटलं तुमी जानूनच म्हनलात, मला तीच पाहिजे. सगळ्या गावाला सांगून बसले मी. लोकांनी म्हशी न्यायच्या बंद केल्या तिकडनं."

"काय करतात या साती जणी?"

"एखादी बाई आवडली की हाताला धरत्यात. लई माया करत्यात. मग सोडत न्हाईत."

"कुठे धरतात?"

माझा डावा हात तेव्हा उजव्या कोपराखाली होता, तिकडे त्या बघत राहिल्या.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी नाही. पण शर्यत जवळ आली होती आणि माझा हात कोरड्या जमिनीवर, बेसिनपाशी, केस विंचरताना फळीच्या वर जात नव्हता. तो फक्त त्या विहिरीत वर जात होता. तो माझा राहिला होता की नाही, हे मला कळायला हवं होतं.

मावशींनी हिरव्या बांगड्या आणि खण माझ्या पिशवीत कोंबला आणि विहिरीच्या काठावर थांबल्या. "म्या हितंच. खाली न्हाई यायची."

बांगड्या आणि खण कोनाड्यात ठेवला. या खेपेला दगड सरकवले नाहीत. पाण्यात पडल्याबरोबर कोपराखाली गारवा आला, जणू वाटच पाहत होता. हात वर जाऊ लागला. मला लहानपणची खाडी आठवली. आत्या पोटाखाली हात धरून पोहायला शिकवायची. तिला आपणहून सोडायचं कधी सुचत नसे. आपल्यालाच सांगावं लागे.

"आता सोडा," मी म्हटलं. "माझं मी करते."

गारवा गेला. हात दगडासारखा खाली आला आणि खांद्यात अशी कळ गेली की तोंडात पाणी शिरलं. मी काठाची पायरी धरली. श्वास जमवून हात पुन्हा उचलला. हळूहळू, दात आवळून. दुखत होतं आणि हात वर जात होता.

वर आले तेव्हा मावशी पदर तोंडावर धरून उभ्या होत्या.

"कुनाशी बोलत हुता?"

"माझ्याशीच."

"आन् मग 'व्हय' कोन म्हनलं?"

मी व्हय म्हणत नाही. आमच्या घरात कोणी म्हणत नाही. मी ओले केस झटकले आणि आम्ही दोघी ज्वारीतून बाहेर आलो. पायांखाली प्रेसचे ठोके पुन्हा सुरू झाले होते.

त्या संध्याकाळी बोटं फळीच्या वर गेली, दोन डबे पाडून. शर्यतीत मी तिसरी आले. प्रत्येक हात मारताना दंड कानाला लागला आणि प्रत्येक वेळी दुखला. विहिरीकडे पुन्हा गेले नाही. तलावात फरशी आहे, तळ दिसतो, पाण्याला ब्लीचिंगचा वास येतो. तरीही डोकं बुडवण्याआधी मी क्षणभर थांबते आणि कान देते. अजून तरी कोणी काही म्हणालेलं नाही.