एका अंगणातल्या तीन पाट्या

आलेल्या वस्तू: आदिलाबादच्या लेकीकडून पेढ्यांचा डबा एक, नव्या गाडीचा फोटो एक. आपला खर्च काही नाही. पण मग मीनाचा फोन आला, "आई, गाडीच्या पूजेले दोघंही या. बाबा नाही आले त पूजा नाही." खर्च इथून सुरू झाला.

आमच्याकडे चालत आलंय, लेकीला मूल झाल्याशिवाय बापाने तिच्या घरचं पाणीही प्यायचं नाही. मीनाच्या लग्नाला सहा वर्षं झाली, अजून पाळणा हलला नाही. म्हणून हे जाताना पाणी घरून नेतात. यंदाही मोठी बाटली भरलीच.

"तिथं दुष्काळ हाय का?" मी विचारलं.

"नियम म्हंजे नियम," हे म्हणाले.

यवतमाळहून सकाळची एसटी धरा आणि पांढरकवड्याला उतरा. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे आमच्यातले महागडे प्रवासी हेच. आधी केळापूरच्या जगदंबेचं दर्शन घेतलं. माझं मागणं तिला आता तोंडपाठ आहे. मग हायवेवर चहा आणि भजी. डबा सोबत घ्या, भजी तेलकट होती.

हा रस्ता थेट कन्याकुमारीला जातो. आदिलाबादची बस येईस्तोवर ह्यांनी ट्रकांच्या नंबराच्या पाट्या वाचायला घेतल्या. "पंजाब. तमिळनाडू. अवं, हा नागालँड पाय!" त्या ट्रकमधून उतरलेल्या ड्रायव्हरने ठसक्यात हरियाणवीत चहा मागितला.

"पाटी नागालँडची, मिशा हरियाणाच्या," मी म्हटलं.

"कागदं तिकडं स्वस्त पडत असतीन. तुले नाही समजणार."

स्वस्ताईचं मला समजणार नाही म्हणे!

पैनगंगेचा पूल ओलांडला की तेलंगणा लागतं आणि बायकांची सवलत संपते, हे लक्षात ठेवा.

मीनाच्या अंगणात तीन गाड्या उभ्या होत्या. तिच्या सासऱ्यांची जुनी जीप एपी ०१, जावयाची मोटारसायकल टीएस ०१ आणि नवी कार टीजी ०१. आंध्र एक होतं तेव्हाची पहिली, तेलंगणा वेगळं झालं तेव्हाची दुसरी, सरकारने अक्षरं पुन्हा बदलली तेव्हाची तिसरी. जिल्हा तोच, घरही तेच. ह्यांना भारी गंमत वाटली. "कुठं न जाता किती पाट्या फिरून राह्यले हे लोकं!"

मी हळदकुंकू वाहिलं, ह्यांनी नारळ फोडला. विहीणबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि ह्यांनी पिशवीतून बाटली काढली.

मीनाच बोलली. "बाबा, तुमी बाटली काढता, अन् शेजारच्या बाया माह्या पोटाकडे पायतात. या अंगणातली पाटी दोनदा बदलली, घर काही पडलं नाही. तुमाले एक नियम नाही बदलता येत?"

ह्यांनी तिन्ही पाट्या पुन्हा एकदा वाचल्या. मग उठले, बाटली तुळशीत रिकामी केली आणि मीनाच्या हातात दिली.

"भर. तुह्या घरचं भर."

तिथेच उभ्याने अर्धी बाटली प्यायले. मीना आत गेली ती चुलीचा धूर लागल्यासारखे डोळे घेऊन बाहेर आली. घरात चूल नाही, गॅस आहे.

घरी येऊन हिशेब मांडला. दोघांचा येण्याजाण्याचा खर्च ठरवल्यापेक्षा जास्त झाला, पण मन काही कुरकुरलं नाही. हे मात्र विचारतात, आपण पाणी प्यायलो ते देवीला चाललं असेल ना? मी म्हणते, तिने काही तक्रार पाठवलेली नाही.

वाचणाऱ्या बायांनो, तुमच्या घरीही कोणी असं पाणी बांधून लेकीकडे जात असेल, तर त्यांना हे वाचून दाखवा. पुढच्या खेपेला ते तिच्या घरचं पाणी प्यायले की नाही, ते मला उलट टपाली कळवा.