एकशे पंधराचा गोल

भूमला आमच्या शेजारी एक निवृत्त मोजणीदार राहतात. जमिनी मोजायच्या संपल्या, म्हणून आता ते मोबाईलचा सिग्नल मोजतात. ॲप उघडून आमच्या गच्चीवर मोजून पावलं टाकतात आणि मोठा आकडा दिसला की तिथं पांढऱ्या फक्कीनं गोल आखतात.

माझ्या लेकीची व्हिडिओवर नोकरीची मुलाखत होती. त्यांनी हुकूम सोडला, "टाकीपाशी नुसते सत्तर. हितं एकशे पंधरा हायेत, लई ताकद! पोरीला हितंच बसवा." मी शाळेत गणित शिकवतो, तरी निमूट खुर्ची उचलून गोलात ठेवली.

पहिल्याच प्रश्नाला पडद्यावरचे साहेब तोंड उघडं टाकून थिजले. लेक फोन घेऊन टाकीकडं पळाली, म्हणून मुलाखत पार पडली. नंतर तिनं मोजणीदारांना ॲप दाखवलं. "काका, आकड्याआधी उणे आहे. उणे सत्तर म्हणजे चांगला सिग्नल, उणे एकशे पंधरा म्हणजे जवळजवळ नाहीच."

त्यांनी चष्मा पुसून आकडा पुन्हा वाचला. मग माझ्याकडं वळले.

"माझी मोजणी बरोबरच हाय. हितं खुर्ची कुणी ठेवली?"

"मीच," मी म्हणालो, आणि वर माफीही मागितली.