बाहीतली चिंगी

काल कपाट आवरताना जुन्या कपड्यांचे ढीग लावत होते: ठेवायचे, द्यायचे, पुसणं करायचे. त्यात मामंजींचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, फ्लॅनेलचा शर्ट निघाला. बाहीची कड बारीक कुरतडलेली. मी तिथेच बसले.

चिंगी ही माझ्या मुलीने पाळलेली पांढरी उंदरीण. कडाव गावच्या आमच्या घरात ती आली तेव्हा मामंजी हसले होते, "भाताच्या कणगीशेजारी चोराला जेवायला बसवलंस की गं!" पुढे पक्षाघाताने त्यांची वाचा गेली आणि चिंगी रोज त्यांच्याच बाहीत शिरून झोपू लागली. खुशीत आली की ती दातांवर दात घासायची; कर्र कर्र असा बारीक आवाज यायचा.

एका दुपारी ती मेली. आजारी माणसाला मरणाची बातमी सांगायची नाही, ही आमच्याकडची रीत. आम्ही तिला गुपचूप परसात पुरलं. घरात आलो, तर मामंजींच्या पांघरुणातून तोच आवाज येत होता.

"आई, चिंगी?" मुलगी माझ्यामागे लपली.

मामंजी डोळे मिटून स्वतःचे दात घासत होते. बोटं रिकामी बाही चाचपत होती. तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. आज वाटतं, हाक मारायला त्यांच्याकडे तेवढाच आवाज उरला होता.

मुलीने धीर करून आपली बोटं त्या बाहीत सरकवली. आवाज थांबला. त्यांनी एक शब्द तरी बोलावा म्हणून आम्ही किती महिने झटलो होतो. ते त्या क्षणी बोलले.

"ही ती नाय गं."